किती बोललात, त्याचे गुण

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या चर्चा मंडळापुढे सध्या एक सूचना आहे. वर्षभरात जो सदस्य सगळ्यात जास्त सहभाग घेईल, त्याचा वार्षिक बैठकीत सत्कार करायचा. सहभाग मोजायला एक वही घालायची. बैठकीला आलं की एक गुण, प्रश्न विचारला की एक, कुणाला सल्ला दिला की दोन. वर्षअखेरीला बेरीज मारायची आणि पहिल्या तिघांना शाल, श्रीफळ आणि बागेत उपयोगी पडेल अशी एखादी वस्तू द्यायची.

सूचना मांडणारा मुलगा तिशीतला आहे. कृषी पदवीधर, स्वतःची बाग स्वतः करतो. बैठकीचे निरोप धाडण्यापासून चहाच्या थर्मासपर्यंत सगळं तोच बघतो. मला त्याचा हेतू मनापासून पटतो आणि सूचना अजिबात पटत नाही. भर बैठकीत हे पाच मिनिटांत सांगायला गेलं की समोरच्याला वाटतं, आपल्या कष्टांवर पाणी ओततायत. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. गावाकडची बाग दादा बघतो, पण मंडळाच्या बैठकीला मी शक्यतो जातेच. महिन्यातून एकदा एका सदस्याच्या पॅकिंग शेडमध्ये सगळे जमतात. रिकामे क्रेट उलटे घालून बसायचं, पुढे फळा, आणि मग छाटणी, पाणी, खतं, औषधं, व्यापारी, मजूर, जे निघेल ते. या बैठकांतून मी जेवढं शिकले तेवढं एखाद्या परिषदेतून क्वचितच शिकले असेन.

त्या मुलाची तक्रार खरी आहे. पन्नासेक माणसं येतात आणि बोलतात सहा-सात. बाकीचे डायरीत औषधांची नावं उतरवून घेतात आणि चहा पिऊन निघतात. एखाद्याच्या बागेत काही चांगलं जमलं तर तो शेजाऱ्याला सांगत नाही, मंडळाला काय सांगणार! जे सांगतात त्यांनीच वर्षानुवर्षं सांगत राहायचं, आपली कामं टाकून दुसऱ्याच्या बागेत जायचं, आणि त्याबद्दल कुणी साधं 'बरं झालं' म्हणत नाही. अशाने एक दिवस हे सहा-सात जणही यायचे थांबतील, अशी त्याला धास्ती आहे. ती मलाही आहे. देणाऱ्याला मान मिळाला पाहिजे, यावर आमच्यात काडीचा मतभेद नाही. तो मान मोजून द्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

गेल्या ऑक्टोबरातली बैठक सांगते. फळछाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, बागा फुटून चार-पाच पानं बाहेर आलेली, आणि नेमका परतीचा पाऊस. हे दिवस कसे असतात ते बागायतदारालाच माहीत. घड नुकता दिसायला लागलेला असतो आणि अशात डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आला तर तो पानांवर थांबत नाही, घडावर उतरतो. मग वर्षभराचं कर्ज, मजुरी, औषधं, सगळंच गेलं.

एक नवखा मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार पानं घेऊन आला होता. वडिलांनी यंदाच बाग त्याच्या हाती दिलेली. पानांवर पिवळट, तेलकट वाटणारे ठिपके. "डाऊनीच आहे ना हा?" त्याचा आवाज कापत होता. पिशवी पुढच्या ओळीत हातोहात फिरली आणि सल्ले सुरू झाले. एकाने एका औषधाचं नाव घेतलं. दुसरा म्हणाला, ते गेल्या वर्षी चाललंच नाही, त्यापेक्षा हे मार. तिसऱ्याने दोन्ही एकत्र करून सोबत औषध पानाला चिकटवणारं स्टिकर टाकायला सांगितलं. चौथा म्हणाला, डाऊनीबरोबर भुरी या दुसऱ्या रोगाचंही उरकून घे, पुन्हा फवारणीचा ब्लोअर फिरवायला नको. पोरगा भराभर लिहून घेत होता. आज रात्रीच फवारणी, एवढं त्याचं पक्कं झालं.

आमच्यात मागच्या ओळीला एक काकू बसतात. नवरा गेल्यापासून थॉमसन जातीच्या द्राक्षांची दोन एकर बाग एकट्या सांभाळतात. पिशवी त्यांच्यापर्यंत आली तोवर पुढची चर्चा मजुरीच्या दरावर गेली होती. त्यांनी एक पान काढलं, शेडच्या दाराशी उजेडात गेल्या, पान पालथं करून डोळ्यांजवळ धरलं, अंगठ्याने चाचपलं. मग त्या मुलाच्या शेजारी क्रेट ओढून बसल्या. मी पलीकडच्याच क्रेटवर होते.

"बाळा, शेवटची फवारणी कधी केली?"

"परवा."

"सकाळी का दुपारी?"

"भर दुपारी. पाणी सकाळी आलंच नाही, काकू."

"अन् टाकीत काय काय घातलं होतं?"

त्याने तीन नावं सांगितली.

"ठिपके सगळ्या ओळींत सारखे आहेत, का ब्लोअर वळतो तिथं जास्त?"

मुलगा गप्प झाला. वळणावरच जास्त होते.

काकू म्हणाल्या, "आज रात्री काही मारू नको. घरी जाऊन ठिपक्यांची चार पानं तोड, पिशवीत घाल, पाण्याचा हबका मार, तोंड बांध अन् रात्रभर अंधारात ठेव. सकाळी पानाच्या खालून पांढरी लव धरली तर डाऊनी. नाही धरली तर तुझ्याच औषधाने पोळलंय. त्यावर आणखी औषध घातलंस तर आहे ती पानंसुद्धा जातील."

ही पिशवीची परीक्षा शास्त्राला धरून आहे. डाऊनीचा जीव पानाच्या आत वाढत असतो. दमट अंधार मिळाला की तो पानाच्या पालथ्या बाजूच्या रंध्रांतून बाहेर येतो आणि पांढरा दिसतो. मी हे वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. काकूंना ते कुणी शिकवलं असेल ते देव जाणे, पण इतक्या नेमक्या क्रमाने चार प्रश्न विचारताना मी भल्याभल्यांना पाहिलेलं नाही.

सकाळी त्या मुलाचा मला फोन आला. पानं खालून स्वच्छ होती.

आता ती गुणांची वही या बैठकीला लावून बघा. पुढच्या ओळीतल्या चौघांना सल्ल्याचे दोन-दोन गुण पडले असते, तेही दहा मिनिटांत. मागे क्रेटवर दोघांत काय बोलणं झालं ते वहीवाल्याच्या कानावरही गेलं नसतं. आणि गेलं असतं तरी कुणाचा सल्ला किती मोलाचा, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वही आदल्या संध्याकाळीच मिटलेली असणार. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बोललेल्या शब्दाची किंमत तो बोलला त्या क्षणी ठरत नाही. ज्याने तो ऐकला आणि घरी जाऊन वापरून पाहिला, त्याच्या बागेत ती ठरते. मोजणारा माणूस बोलणाऱ्याकडे बघून मोजतो आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारतच नाही.

खरं तर द्राक्षवाल्याला हे सांगायची गरज पडू नये. लागले तेवढे घड वेलीवर कुणी ठेवतं का? काडीची ताकद बघून, पानं बघून जास्तीचे घड आपण काढून टाकतो. ठेवलेल्या घडांतलेही मणी बायका दिवसदिवस उभ्या राहून कात्रीने विरळ करतात आणि त्या विरळणीची मजुरी आपण खिशातून देतो. सगळं ठेवलं तर मोजायला भरपूर दिसतं, पण मण्याला फुगायला जागा राहत नाही, साइज येत नाही, शुगर भरत नाही, दाट घडात पाणी अडकून आतून कूज लागते आणि वेल पुढच्या वर्षासाठी थकते. नुसती संख्या म्हणजे पीक नव्हे, हे ज्याला हाताला घट्टे पडेपर्यंत कळलेलं आहे, त्यानेच बैठकीत शब्द मोजून बक्षीस द्यायला निघावं, याचं मला वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, चार शब्द जास्त बोलले गेले तर काय बिघडलं? द्राक्षात बिघडतं. इथला सल्ला म्हणजे बहुतेक वेळा औषधाचं नाव आणि प्रमाण. माल एक्सपोर्टचा असेल तर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं याचं वेळापत्रक असतं. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालणाऱ्या औषधांची यादी असते, 'अ‍ॅनेक्श्चर पाच' म्हणून आपण सगळे ती ओळखतो. त्या यादीबाहेरचं एखादं नाव कुणीतरी गुणासाठी सहज बोलून गेला आणि कुणीतरी ते मारलं, तर नमुना नापास होतो आणि प्लॉट बसतो, म्हणजे तिथला माल निर्यातीतून बाद होतो. २०१० साल आठवत असेल. सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. त्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांनी काय सोसलं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. तोपर्यंत सीसीसी सर्रास वापरलं जात होतं आणि 'मारा, काही होत नाही' असं एकमेकांना सांगितलंही जात होतं. "मला यातलं माहीत नाही" असं म्हणणारा माणूस आमच्या मंडळाला सल्ले देणाऱ्याइतकाच हवा आहे. वहीत त्याच्यासाठी रकाना नाही. उलट तसं म्हटलं की त्याचे दोन गुण बुडणार.

मोजणीने माणसं कशी बदलतात, हे मी माझ्या नोकरीत फार जवळून पाहिलं आहे. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धती आणली. शोधनिबंधाला इतके, परिषदेत वाचलेल्या पेपरला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं एक ओळही न लिहिणारे लोक होते, त्यांनी लिहितं व्हावं, हाच होता. आमच्या मंडळातल्या मुलाचा आहे तसाच. पण दोन-तीन वर्षांत स्टाफरूममधलं बोलणंच पालटलं. पूर्वी कुणी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर जाऊन आलं की "काय दिसलं?" असं विचारायचे. नंतर कुणी परिषदेहून आलं की "किती पॉइंट झाले?" असं विचारायला लागले. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिकं निघाली. एकच काम चार तुकडे करून चार ठिकाणी छापायचं, एकमेकांची नावं एकमेकांच्या निबंधांवर घालायची. शेवटी २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीलाच आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. मधल्या काळात किती उमेदीची वर्षं त्यात गेली, त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

माझ्यासोबत एक सहकारी होते. पावसाळा लागला की त्यांचे रविवार अंजनेरीच्या पठारावर जायचे. गुडघे टेकून गवतात एकेक रोप बघत बसायचे. वर्षाकाठी त्यांचं छापून काहीच यायचं नाही. त्यांच्या वहीत मात्र कुठलं फूल कुठल्या आठवड्यात, कुठल्या उताराला, बाजूला कुठलं गवत, हे सगळं असायचं. अशाच माणसांच्या चिकाटीने २००६ साली अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाची एक नवी जात जगापुढे आली. तिचं नावच सेरोपेजिया अंजनेरिका. ती शोधणारी माणसं वेगळी, पण वाट हीच, वर्षानुवर्षं डोंगरावर जाण्याची. आमच्या सहकाऱ्यांना बढतीच्या मुलाखतीत विचारलं गेलं की तुमचे गुण इतके कमी का? त्यानंतर त्यांनी परिषदांना जायला सुरुवात केली. अंजनेरी सुटली. तो प्रसंग आठवला की मला अजून संताप येतो.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये बँकेच्या आकड्यांबद्दल असंच काही म्हटलं होतं, आणि मेरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ते सोपं करून मांडलं: माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. त्या ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या तपासण्यांबद्दल बोलत होत्या. मला त्यात आमची स्टाफरूम दिसते.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९७३ मधला एक प्रयोग. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत तो केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं, अशी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर ते दिलं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. नंतर एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत स्केचपेन पुन्हा मांडले आणि मुलं आपणहून किती वेळ चित्रं काढतात ते पाहिलं. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं, ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रात रमली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही इतरांपेक्षा डावी ठरली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र जराही कमी झाली नव्हती.

हे शेवटचं वाक्य आमच्या मंडळाने नीट वाचावं अशी माझी विनंती आहे. बक्षिसात दोष नाही. दर आधी जाहीर करण्यात दोष आहे. काकू त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या कारण त्यांना ते पोर घाबरलेलं दिसलं. उद्या त्यालाच आपण सल्ल्याचे दोन गुण असा भाव लावला, तर आज जे मायेने होतंय ते त्यांना स्वतःलाच वेगळं वाटायला लागेल. कुणाला तरी वाटेल, काकू गुणांसाठी पुढे पुढे करतायत. तसं कुणी बोललं की घाबरलेल्याच्या शेजारी क्रेट ओढून बसणं बंद होतं.

म्हणजे मोजणी सगळीकडेच वाईट का? नाही. नाशिकमध्ये रक्तदान शिबिरांत शंभर वेळा रक्त दिलेल्यांचा सत्कार होतो तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवते. तिथला आकडा खरा असतो. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे शंभराचा आकडा गाठायला जवळजवळ पंचवीस वर्षं गेलीच पाहिजेत, बाईला तर त्याहून जास्त, आणि एवढी वर्षं तब्येत राखावी लागते. प्रत्येक पिशवी आधीच्या पिशवीइतकीच मोलाची, आणि घाई करून कुणालाही आकडा फुगवता येत नाही. आमच्या मंडळातही असं एक काम आहे. एक अण्णा रोज सकाळी आठला पर्जन्यमापक बघून पाऊस लिहितात, कोरडा दिवस असला तरी शून्य लिहितात. त्या नोंदींवर आमचे डाऊनीचे अंदाज चालतात. अण्णांचे दिवस खुशाल मोजा आणि त्यांना आधी सांगून शाल द्या, काही बिघडणार नाही. बोलणं मात्र असं नसतं. एका वाक्यात एक बाग वाचते आणि शंभर वाक्यांत काहीच निघत नाही, आणि वाक्यं वाढवायला कुणालाच तीन महिने थांबावं लागत नाही.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांची. सूचनेत ते 'निष्क्रिय' म्हणून आले आहेत आणि तो शब्द मला टोचला. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. १९२२ पासूनची ही परंपरा. लहानपणी मी वडिलांबरोबर जायचे. दिवसभराच्या उन्हाने तापलेली फरशी, नदीकडून येणारा जरासा वारा, आणि सतरंजीवर ओळीने बसलेली माणसं: कुणी पेढीवरचा मुनीम, कुणी शिक्षक, कुणी दुकान बंद करून आलेला. वक्ता रोज नवा, ऐकणारे तेच. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात कधी माईक हातात धरला नसेल. पण वडील घरी येऊन रात्री जेवताना व्याख्यान आईला सांगायचे, आई दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायची. शंभर वर्षं ही माळ टिकली, त्यात वक्त्यांचा वाटा आहेच, पण सतरंजीवर बसलेल्यांचा त्याहून कमी नाही. आमच्या मंडळात डायरीत नावं उतरवून निघून जाणारा माणूस गावात जाऊन ती चार जणांना सांगतो. त्यांतले दोघे बैठकीला कधीच आलेले नसतात. तो काहीच देत नाही, असं आपण कशावरून ठरवलं?

शिवाय कोण बोलतं, हेही बघावं लागेल. आमच्याकडे बोलतात ते मोठ्या बागांचे मालक, आवाज असलेले, पुढारपण केलेले पुरुष. ज्यांना बोलायची सवय आहे त्यांनाच वही गुण देणार. बायका मागच्या ओळीत बसतात, त्या गुणपत्रकातही मागच्याच ओळीत राहतील, आणि मग वर्षअखेरीला आपण त्यावर मंडळाचा शिक्का मारणार.

माझ्या विषयातली एक हकीकत मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. डाऊनी अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला आणि १८८० च्या आसपास तिथल्या बागा उजाड व्हायला लागल्या. १८८२ मध्ये बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे एका द्राक्षबागेच्या कडेने चालले होते. सगळीकडे पानगळ झालेली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या. त्यांनी बागेच्या व्यवस्थापकाला विचारलं, या वेलींना काय केलंय? उत्तर मिळालं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात, ती खराब दिसावीत म्हणून मोरचूद आणि चुना कालवून शिंपडलाय. मिलार्देंनी ते ऐकून ठेवलं, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये जगापुढे मांडलं. आपण आजही बोर्डो मिश्रण मारतो ते तेच. एका माणसाने चालता चालता विचारलेला एक प्रश्न, आणि ज्याला त्यात काही विशेष वाटलंही नव्हतं अशा माणसाचं एक उत्तर. आमच्या वहीत त्या दोघांचे मिळून तीन गुण झाले असते.

मग करायचं काय, असं सूचना मांडणाऱ्या मुलाने मला फोनवर विचारलं. नुसता विरोध करून मोकळं होणं त्याच्या कष्टांवर अन्याय आहे, म्हणून माझं म्हणणं त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. वही घालावीच, पण रकाने बदलावेत. तारीख, कुणाचा प्लॉट, अडचण काय, काय केलं, आणि पंधरा दिवसांनी काय झालं. शेवटचा रकाना ज्याची बाग त्याने स्वतः भरायचा, आणि कुणाच्या सांगण्याने केलं हेही त्यानेच लिहायचं. फसलं असेल तर फसलं म्हणून लिहायचं, नाव न घालता. दोन-तीन हंगामांत आपल्याच मातीतला, आपल्याच पाण्यातला असा दस्तऐवज तयार होईल की बाहेरचा सल्लागार बोलवायच्या आधी लोक तो उघडून बघतील. वार्षिक बैठकीत ज्याला वाटेल त्याने उभं राहून सांगावं, यंदा मला अमक्याचं अमुक कामी आलं. त्या वेळी शाल घालायची असेल तर त्यानेच घालावी, आपल्या हाताने. कुणाला, ते आधी ठरवू नये.

तो म्हणाला, "मॅडम, हे बरोबर आहे. पण जे तोंडच उघडत नाहीत त्यांना बोलतं कसं करायचं?" रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की शेडमध्ये पन्नास जणांपुढे न बोलणारा माणूस स्वतःच्या बागेत तासभर बोलतो. त्याला फक्त कुणीतरी त्याच्या ओळींमधून चालत विचारायला हवं, ही काडी अशी का राखली, इथं पाणी कमी का दिलं? तेव्हा बैठका फिरत्या करू. एक महिना शेडमध्ये, एक महिना कुणाच्या तरी बागेत, आणि ज्याची बाग त्याने काही भाषण करायचं नाही, आपण विचारायचं. चहाही त्याच्या घरी नको, नाहीतर घरातल्या बाईवर सगळा भार पडतो. थर्मास मंडळाचाच न्यावा.

त्याला हे पटलंय असं वाटतं, पण सूचना त्याने अजून मागे घेतलेली नाही आणि घाईने घ्यावी असा माझा आग्रहही नाही. पुढच्या बैठकीत दोन्ही मुद्दे मांडले जातील. तोवर पहिल्या फेरीसाठी मी त्याला दोन बागा सुचवल्या आहेत, दोन्ही मागच्या ओळीतल्या माणसांच्या. तारीख फळछाटणीच्या आधीचीच धरावी लागेल, कारण एकदा कात्री लागली की महिनाभर कुणी कुणाच्या बांधावर फिरकत नाही.